घरातले पहिले डॉक्टर होऊ पाहणाऱ्या एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे मार्गदर्शन कोणत्या विद्यार्थ्यांसाठी असते?

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्या, पण ज्यांच्या घरात, भावकीत किंवा गावातल्या ओळखीत कोणीही एमबीबीएस झालेले नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती या प्रवर्गांतले विद्यार्थी अधिक असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेली, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या, ऊसतोड कामगारांच्या किंवा शहरातल्या वस्तीत राहणाऱ्या कुटुंबांतली मुलेमुली, तसेच दिव्यांग आणि पारलिंगी विद्यार्थी यांनाही त्याची तितकीच गरज भासते. प्रवेश कोणत्या प्रवर्गातून झाला हे इथे दुय्यम आहे. खुल्या प्रवर्गातून आलेल्या एखाद्या मुलीच्या घरातही तिच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसते, आणि तिला हे दार बंद असू नये.

आरक्षणामुळे प्रवेश मिळाला आहे. मग पुन्हा वेगळ्या मार्गदर्शनाची गरज का?

आरक्षण दारापर्यंत आणून सोडते. आतली वाट ज्याची त्याने शोधायची असते, आणि ही वाट काही विद्यार्थ्यांना घरूनच माहीत असते. डॉक्टर आईवडिलांच्या मुलाला रजिस्ट्रार, लेक्चरर आणि युनिटचे प्रमुख यांच्यातला फरक दहावीतच ठाऊक असतो. जर्नलवर (प्रात्यक्षिकांच्या वहीवर) सह्या वेळच्या वेळी घेतल्या नाहीत तर सबमिशनच्या आठवड्यात काय धावपळ होते, चाचणी परीक्षेचे गुण अंतर्गत मूल्यमापनात कसे धरले जातात, लेक्चरला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसताना कशी अडचण येते, शंका असेल तर विभागात कोणाकडे व कोणत्या वेळी जायचे असते, यांतले काहीही पाठ्यपुस्तकात नसते. ते जेवणाच्या टेबलावर, नातेवाइकांच्या दवाखान्यात किंवा वसतिगृहातल्या ओळखीच्या सीनियरच्या खोलीत कळते. ज्याच्याकडे या तिन्हींपैकी काहीच नाही त्याला ते चुकून, उशिरा आणि बऱ्याचदा एखादी परीक्षा गमावल्यावर कळते.

संख्येचाही विचार करावा लागतो. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींना मिळून ११ टक्के जागा आहेत. शंभर जागांच्या शासकीय महाविद्यालयात अखिल भारतीय कोट्याच्या १५ जागा बाजूला काढल्या, तर उरलेल्या ८५ पैकी अनुसूचित जमातीच्या वाट्याला साधारण सहा जागा येतात. त्या सहा जणांत एक धडगावचा, एक धारणीचा, एक एटापल्लीचा असू शकतो. तिघांच्या बोली वेगळ्या, तिघांना घरची आठवण सारखीच, आणि एकमेकांना विचारावे तर तिघेही तितकेच नवखे. 'सोबतचे विद्यार्थी सांभाळून घेतील' या भरवशावर सोडलेला विद्यार्थी इथे एकटा पडतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहून ठेवतो. प्रवेशानंतर सगळ्यांची परीक्षा एकच असते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची प्रश्नपत्रिका, परीक्षक आणि उत्तीर्ण होण्याचे निकष यांत प्रवर्गानुसार काहीही बदलत नाही. त्यामुळे मार्गदर्शनाला 'आणखी एक सवलत' म्हणणे चूक आहे. इतरांना घरून मिळालेली माहिती वेळेवर मिळावी, एवढाच त्याचा हेतू आहे.

मार्गदर्शक नेमके काय करतो?

ठरलेल्या वेळी भेटतो, ऐकतो, विचारतो आणि पुढच्या भेटीपर्यंत करायची एक-दोन कामे ठरवून देतो. अडचण त्याच्या आवाक्याबाहेरची असेल तर योग्य व्यक्तीकडे स्वतः घेऊन जातो. 'काही लागले तर सांग' असे म्हणून मोबाइल नंबर देणे म्हणजे मार्गदर्शन, असा समज बराच पसरलेला आहे. ज्या विद्यार्थ्याला विचारण्याचीच सवय नाही, 'सरांना त्रास कशाला द्यायचा' असे ज्याला मनापासून वाटते, तो त्या नंबरवर कधीच फोन करत नाही. म्हणून पहिल्या वर्षी तरी भेटीची वेळ मार्गदर्शकानेच ठरवावी आणि विद्यार्थी आला नाही तर त्याची चौकशीही त्यानेच करावी.

मार्गदर्शक विषयाची शिकवणी घेत नाही, प्रश्न फोडत नाही, परीक्षकाकडे शब्द टाकत नाही आणि पैसेही उसने देत नाही. तसेच, विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय त्याच्या घरी फोन करत नाही.

आमच्या महाविद्यालयात मेंटॉर-मेंटी योजना आधीच आहे. ती पुरेशी नाही का?

ती नीट चालत असेल तर नक्कीच पुरेशी आहे. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्सला, भाषा व संगणक कौशल्यांना आणि संवाद व नीतिमूल्यांच्या शिकवणीला जागा दिलेली आहे, आणि बहुतेक महाविद्यालयांत प्रत्येक शिक्षकाकडे काही विद्यार्थी नेमून दिलेले असतात. अडचण येते ती अंमलबजावणीत. याद्या रोल नंबरप्रमाणे होतात, भेट सहामाहीतून एकदा होते, सगळे एकत्र बसतात आणि वहीवर सह्या होतात. दहा जणांसमोर 'मला लेक्चरमधले अर्धे समजत नाही' असे कोण सांगेल? आहे त्याच योजनेत प्रत्येकाला एकट्याने भेटायला पंधरा मिनिटे राखून ठेवली, आणि शिक्षकाच्या जोडीला त्याच महाविद्यालयातला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी दिला, तर नवी समिती न नेमताही तिचे रूप पालटू शकते.

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजीमुळे मी मागे पडत आहे. मार्गदर्शन यात काय करू शकते?

पुष्कळ करू शकते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो. नीट ही परीक्षा आज मराठीतूनही देता येते, परंतु एमबीबीएसच्या पहिल्या तासापासून सगळे इंग्रजीत चालते. विद्यार्थ्याला वाटते की आपले इंग्रजी कच्चे आहे. प्रत्यक्षात तिथे तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र झालेल्या असतात : लॅटिन-ग्रीक मुळाच्या संज्ञा, परीक्षेतले लेखन आणि तोंडी बोलणे. संज्ञा इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही नव्याच असतात, आणि तिथे सगळे एका रेषेवर उभे असतात. हे कोणीतरी सांगितले की अर्धे दडपण उतरते. लेखन सरावाने सुधारते; आठवड्याला दोन उत्तरे लिहून दाखवली आणि ती कोणी तपासून दिली तर एका टर्ममध्ये फरक दिसू लागतो.

बोलणे सर्वांत अवघड जाते. शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत परीक्षक मांडीचे हाड हातात देतात आणि 'साइड?' एवढेच विचारतात. विद्यार्थ्याला उत्तर माहीत असते : गोल डोके वर आणि लिनिया ॲस्पेरा (हाडावरची खडबडीत कड) मागे धरली की डोके डावीकडे, शरीराच्या आतल्या बाजूला वळते, म्हणजे हाड उजवे. पण ते इंग्रजी वाक्यात मांडण्याच्या धडपडीत तो गप्प राहतो, आणि गप्प राहणे हे 'येत नाही' असे धरले जाते. यावर उपाय साधा आहे. परीक्षेआधीच्या महिन्यात रोज संध्याकाळी डिसेक्शन हॉलशेजारी (शवविच्छेदनाच्या दालनाशेजारी) किंवा वसतिगृहाच्या खोलीत दोघांनी उभे राहून, हाड हातात धरून, तीच चार वाक्ये मोठ्याने म्हणायची. बसून मनात वाचणे आणि उभे राहून बोलणे यांत फार अंतर आहे.

दुसरे उदाहरण वॉर्डातले. मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे त्या विभागाच्या वॉर्डात शिकत असताना, एका रुग्णाने दोन विद्यार्थ्यांना 'दोन दिवसांपासून धाप लागते' एवढेच सांगितले होते. तिसरा विद्यार्थी सातपुड्यातल्या पाड्यावरचा होता. तो खाटेशेजारी स्टुलावर बसला, रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलू लागला, आणि काही वेळातच कळले की ऊसतोडीसाठी गुजरातेत गेल्यावर रुग्णाच्या क्षयरोगाच्या गोळ्या दोन महिने बंद पडल्या होत्या. उपचाराची दिशा ठरवणारी माहिती ती हीच होती. तरी युनिटसमोर केस सांगताना तो विद्यार्थी पहिल्याच वाक्याला अडखळला आणि त्याचे पुढचे सगळे वाहून गेले. त्याच्या मार्गदर्शक रेसिडेंटने (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरने) त्याला एका कागदावर क्रम लिहून दिला : मुख्य तक्रारी व त्यांचा कालावधी, सध्याच्या आजाराचा इतिहास, पूर्वीचे आजार, वैयक्तिक व कौटुंबिक माहिती. प्रत्येकाची सुरुवात करायचे एक ठरावीक इंग्रजी वाक्यही त्याने लिहिले. पुढच्या पोस्टिंगमध्ये त्याचे सादरीकरण कोणी मध्येच थांबवले नाही. रुग्णाशी बोलण्याची त्याची हातोटी मात्र त्याच्या बॅचमधल्या कोणालाही कागदावर लिहून देता आली नसती, आणि हे त्याला सांगणे हाही मार्गदर्शनाचाच भाग होता.

विद्यार्थी गावातल्या कुटुंबांना भेटी देऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवतात त्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात हे आणखी ठळकपणे दिसते. गावातल्या घरात कसे बसावे, पाणी पुढे केले तर काय करावे, बाईमाणसाच्या तक्रारी कोणाच्या देखत विचारू नयेत, हे ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागत नाही. त्या गटाचे नेतृत्व त्यांच्याकडे द्यावे, असे मी प्रत्येक शिक्षकाला सुचवीन.

मार्गदर्शक आपल्याच समाजाचा असावा का?

असेल तर चांगले, नसेल तरी चालते. आपल्यासारख्या घरातून आलेली व्यक्ती पांढऱ्या कोटात वावरताना दिसते तेव्हा 'हे मलाही जमेल' ही खात्री वाटू लागते, आणि काही गोष्टी तिच्यापुढे समजावून सांगाव्या लागत नाहीत. परंतु अशा शिक्षकांची संख्या मुळात कमी आहे. सगळा भार त्यांच्यावरच टाकला तर ते थकतात आणि बाकीचे शिक्षक मोकळे होतात. म्हणून शिक्षक कोणीही असो, जोडीचा सीनियर विद्यार्थी शक्यतो समान परिस्थितीतून आलेला असावा, ही रचना मला अधिक व्यवहार्य वाटते.

आपल्याकडे याला जुना आधारही आहे. बालविवाहाच्या खटल्यामुळे टीकेचे धनी झालेल्या रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणाकडे जाण्यासाठी पाठबळ देणाऱ्यांत मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पीची होत्या. एडिनबरा विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकण्याच्या हक्कासाठी लढलेल्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक होत्या. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे काम केले. दोघींचा देश, धर्म आणि घरची स्थिती यांत काहीच साम्य नव्हते. पण बंद दार ढकलण्याचा अनुभव पीचीबाईंकडे होता, आणि तो त्यांनी पुढे दिला. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन स्वतः वैद्यकीय व्यवसायातले होते, हेही विसरू नये : घरातले आणि बाहेरचे असे दोन्ही आधार त्यांना लाभले होते. आज ज्यांना पहिला आधार नाही त्यांच्यासाठी दुसरा अधिक भक्कम असायला हवा.

मार्गदर्शन घेतले तर माझ्यावर 'कोट्यातला' असा शिक्का बसेल का?

ही भीती खरी आहे आणि ती घालवण्याची जबाबदारी योजना चालवणाऱ्यांची आहे. फलकावर प्रवर्गनिहाय याद्या लावणे, 'मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी अमुक वाजता हॉलमध्ये जमावे' अशी सूचना भर वर्गात वाचून दाखवणे, हे प्रकार ताबडतोब बंद व्हायला हवेत. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मार्गदर्शक द्यावा आणि ज्यांना अधिक भेटींची गरज आहे त्यांना त्या गाजावाजा न करता द्याव्यात, म्हणजे कोणी वेगळे पडत नाही.

पहिल्या वर्षी नापास झालो तर सगळे संपले का?

अजिबात नाही. पुरवणी परीक्षा असते, आणि नियमाने पहिल्या व्यावसायिक (म्हणजे पहिल्या वर्षाच्या) परीक्षेसाठी जास्तीत जास्त चार संधी मिळतात. पूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आत पुरा करावा लागतो. या मर्यादा विद्यार्थ्याला प्रवेश घेतानाच सांगितलेल्या बऱ्या, कारण अनेकांना त्या तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी कळतात. निकालानंतरचे पहिले आठ दिवस नाजूक असतात. मुलगा गावी निघून जातो, फोन बंद ठेवतो आणि घरी काही सांगत नाही. मार्गदर्शकाने निकालाच्या दिवशीच त्याला गाठावे आणि गुणपत्रिका समोर ठेवून गुण कुठे गेले ते पाहावे : लेखी परीक्षेत, तोंडीत की अंतर्गत गुणांत. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ज्याचे गुण तोंडी परीक्षेत गेले त्याला पुन्हा सगळे पुस्तक वाचायला लावण्यात अर्थ नाही.

शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि दाखल्यांच्या कामात मार्गदर्शकाने पडावे का?

पडावे. काही शिक्षकांना हे कारकुनी काम वाटते, पण ज्याच्या मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले आहेत त्याला अभ्यासाचे वेळापत्रक आखून देणे व्यर्थ आहे.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फ्रीशिप (शुल्कमाफी) आणि राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. अनुसूचित जाती व जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि इतर मागास, विमुक्त व भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. त्यांत भोजन, निवास व निर्वाहाची रक्कम विद्यार्थ्याच्या आधारसंलग्न बँक खात्यात जमा होते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत मिळते.

अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे मात्र नसते. तो महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून राहतो, एखादी त्रुटी काढून परत येतो, आणि विद्यार्थ्याला डिसेक्शनच्या तासाला दांडी मारून विद्यार्थी विभागाच्या खिडकीसमोर उभे राहावे लागते. अशा वेळी मार्गदर्शक शिक्षकाने एक फोन केला तर विद्यार्थ्याचा अख्खा दिवस वाचतो.

जात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी पुन्हा उभा राहतो, आणि धाकट्या भावंडांच्या प्रवेशात तर हमखास येतो. पडताळणी समितीपुढे वडील-आजोबांच्या वास्तव्याचे व जातीचे पुरावे मानीव दिनांकापूर्वीचे, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेपूर्वीचे, लागतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पालावर जन्मलेल्या, शाळेतच न गेलेल्या आजोबांचा १९६१ पूर्वीचा कागद कुठून आणायचा, ही भटक्या जमातींतल्या कुटुंबांची खरी व्यथा आहे. मार्गदर्शक इथे फारसे काही करू शकत नाही, पण सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याला 'जुने दाखले आत्ताच शोधून ठेव' असे दोन वर्षे आधी सांगू शकतो.

जातीवरून टोमणे मारले जातात, कामात दुजाभाव होतो. हे मार्गदर्शकाला सांगावे की थेट तक्रार करावी?

मार्गदर्शकाला सांगा, आणि तक्रारही करा. मार्गदर्शक तक्रारीला पर्याय होऊ शकत नाही. 'थोडे सहन कर, तीन वर्षांचाच प्रश्न आहे' असा सल्ला कोणी देत असेल तर तो चुकीचा आहे, मग तो कितीही आपुलकीने दिलेला असो.

ही गोष्ट इतक्या ठामपणे सांगण्यामागे कारणे आहेत. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या दलित व आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी २००६ मध्ये केंद्र सरकारने प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. अमरावती जिल्ह्यातून आलेले थोरात तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. समितीने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात वसतिगृहात एका बाजूला पडणे, मेस व खेळांत वेगळे टाकले जाणे, शिक्षकांकडून पुरेशी मदत न मिळणे आणि प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षांतला दुजाभाव यांविषयीचे अनुभव नोंदवले आणि इंग्रजीसह मूलभूत विषयांच्या पूरक वर्गांची शिफारस केली. त्यानंतर बारा वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या जळगाव जिल्ह्यातील डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याने त्यांनी आत्महत्या केली, असा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात गेले. आपण आधीच तक्रार मांडली होती, असे त्यांच्या आईने सांगितले. एखाद्या विद्यार्थिनीची तक्रार तोंडी ऐकून 'बघतो' म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते आणि तथ्य आढळल्यास संबंधिताला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे असते. त्यात कसूर केल्यास तो स्वतः गुन्ह्याला साहाय्य करणारा मानला जातो. जातिवाचक अपमानाला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. तक्रार लेखी द्या, तारीख व वेळ लिहा, तिथे कोण हजर होते ते लिहा, संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. मार्गदर्शकाने अर्ज लिहिताना शेजारी बसावे, तो देताना सोबत जावे आणि नंतर विद्यार्थ्यावर सूड उगवला जात नाही ना, यावर परीक्षा संपेपर्यंत लक्ष ठेवावे.

माझा मार्गदर्शक त्याच विभागात परीक्षक आहे. मोकळेपणाने बोलता येत नाही.

बदलून मागा, कारण सांगण्याची सक्ती नसावी. शक्य असेल तिथे मार्गदर्शक त्या वर्षी शिकवत नसलेल्या विभागातलाच नेमावा.

झोप लागत नाही, वर्गात जावेसे वाटत नाही. हे मार्गदर्शकाला सांगण्यासारखे आहे का?

आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालासाठी २५,५९० पदवी विद्यार्थ्यांनी ऑनलाइन पाहणीत उत्तरे दिली आणि त्यांतल्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास असल्याचे सांगितले. म्हणजे तुमच्या बाकावर चौघे बसत असतील तर त्यांतला एखादा याच अवस्थेत असू शकतो. मार्गदर्शक उपचार करत नाही. तो मनोविकार विभागात किंवा समुपदेशकाकडे पोहोचवतो आणि ही गोष्ट इतर कोणाला सांगत नाही. शासनाची टेलिमानस मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येत असतील तर भेटीच्या ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच क्षणी कोणाला तरी गाठा.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काही वेगळा विचार असतो का?

असायला हवा. २०१६ च्या कायद्याने ५ टक्के जागा राखीव आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच, वाचा व भाषाविषयक दिव्यांगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ दिव्यांगत्वाची टक्केवारी पाहून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येत नाही; तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे तपासावे लागते. प्रवेशानंतर मात्र रॅम्प नसलेला डिसेक्शन हॉल, लिफ्ट बंद असलेली इमारत आणि लेखनिकाच्या परवानगीसाठीचे हेलपाटे तसेच राहतात. मार्गदर्शकाने पहिल्याच महिन्यात विद्यार्थ्यासोबत सगळ्या विभागांतून एकदा फिरावे, म्हणजे अडचणींची यादी ऐन परीक्षेच्या दिवशी करावी लागत नाही.

आमचे महाविद्यालय नवे आहे, सीनियरच नाहीत. काय करावे?

हा प्रश्न अलीकडे वाढला आहे. नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली, वाशीम, हिंगोली, जालना, बुलढाणा, भंडारा, अमरावती यांसह दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे एकत्र उद्घाटन झाले. यांतली बरीच महाविद्यालये नेमक्या त्या जिल्ह्यांत आहेत जिथली मुले आजवर घरापासून शेकडो किलोमीटर दूर शिकत होती, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण पहिल्या बॅचला हात धरून नेणारे कोणी नसते. अशा ठिकाणी जवळच्या जुन्या महाविद्यालयातल्या, म्हणजे नागपूर, यवतमाळ, धुळे, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येथल्या सीनियर विद्यार्थ्यांशी व्हिडिओ कॉलवर जोड्या लावून घ्याव्यात. जिल्हा रुग्णालयातले अनुभवी वैद्यकीय अधिकारीही उत्तम मार्गदर्शक ठरतात, कारण त्यांतले अनेक जण स्वतः त्याच जिल्ह्यातून शिकून वर आलेले असतात.

मी रेसिडेंट आहे आणि मार्गदर्शक व्हायची इच्छा आहे. वेळ कसा काढू?

दोनच विद्यार्थी घ्या. महिन्यातून दोन भेटी, प्रत्येकी अर्धा तास, वॉर्डाबाहेरच्या चहाच्या टपरीवर झाल्या तरी चालतील. परीक्षेआधी तोंडी सराव आणि पोस्टिंगच्या सुरुवातीला केस कशी घ्यावी याचे एक प्रात्यक्षिक, एवढे केलेत तरी पुष्कळ झाले. विद्यार्थ्याला स्वतःची कामे सांगू नका. मार्गदर्शनाच्या नावाखाली रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवायला लावणे हा त्याचा सरळ गैरवापर आहे.

एमबीबीएसनंतर मार्गदर्शनाचा काय उपयोग?

इंटर्नशिपच्या वर्षात विद्यार्थ्यासमोर नीट-पीजी, बंधपत्रित सेवा आणि घरची आर्थिक ओढ अशा तिन्ही गोष्टी एकदम येतात. धाकट्या बहिणीचे लग्न किंवा शेतीवरचे कर्ज यांमुळे अनेक जण पदव्युत्तर शिक्षणाचा विचारच सोडून देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षे सेवा करून मग पदव्युत्तर शिक्षणाकडे वळणे हा त्यांच्यासाठी विचारात घेण्याजोगा मार्ग आहे, पण त्याची आखणी इंटर्नशिपच्या सुरुवातीलाच करावी लागते. ज्यांना ग्रामीण आरोग्यात रस आहे त्यांनी सेवाग्रामच्या संस्थेतले किंवा गडचिरोलीतल्या 'सर्च'चे काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मात्र आदिवासी विद्यार्थ्याने आदिवासी भागातच परत गेले पाहिजे, असे त्याच्यावर कोणी लादू नये. त्याला हृदयरोगतज्ज्ञ व्हायचे असेल तर मार्गदर्शकाने त्याला तिथपर्यंतचा रस्ता दाखवावा.

माझ्या महाविद्यालयात यांतले काहीच नाही. सुरुवात कोठून करू?

दोन-तीन विद्यार्थी मिळून अधिष्ठात्यांच्या नावाने एक पानी अर्ज लिहा आणि त्याची प्रत विद्यार्थी विभागाला व महाविद्यालयात समान संधी केंद्र असल्यास त्यालाही द्या. अर्जात मागण्या मोजक्या ठेवा : पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक शिक्षक आणि एक सीनियर, महिन्यातून एक वैयक्तिक भेट आणि मार्गदर्शक बदलून घेण्याची सोय. उत्तराची वाट पाहत बसू नका. ज्या शिक्षकांच्या तासाला तुम्हाला प्रश्न विचारण्याची भीती वाटत नाही त्यांना त्याच आठवड्यात भेटा आणि 'सर, महिन्यातून एकदा अर्धा तास देऊ शकाल का?' किंवा 'मॅडम, तोंडी परीक्षेचा सराव घ्याल का?' असे नेमके विचारा. मोघम विनंतीला मोघम होकार मिळतो. दिवस आणि वेळ ठरवूनच खोलीबाहेर या.